गिरणीच्या दारातलं मशीन

मल्लम्माच्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बाया अलीकडे आत शिरण्याआधी दारात थांबून अंदाज घ्यायच्या. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये जेमतेम एक फट उरली होती. सडपातळ पोरी डोक्यावरचा डबा धरून तिरक्या होऊन आत यायच्या. बाकीच्या बाहेरूनच हाक द्यायच्या, "मल्लम्मा, डबा घेऊन जा गं." मग मल्लम्मा पिठानं पांढरे झालेले हात पदराला पुसत बाहेर यायची, डबा आत न्यायची, दळून परत आणून द्यायची. मोटारसायकलवर ज्वारीचं पोतं टाकून येणारे गडी तर मशीन दुरून बघूनच गाडी वळवायचे. गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गिरणी होती आणि तिच्या दारात काही पडलेलं नव्हतं.

हे मशीन म्हणजे काँक्रीट कालवायचा मिक्सर. मोठ्या पोटाचा, अंगावर सिमेंटचे ओघळ वाळलेला. त्याचं एक चाक काढून नेलेलं होतं आणि त्या बाजूनं तो विटांवर टेकवलेला होता. मागं, परसाकडं जायच्या वाटेवर सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांचा ढीग आणि स्लॅबला टेकू द्यायच्या बल्ल्या. हे सगळं चन्नवीरचं. चन्नवीर बांधकामाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार होता, आणि मल्लम्माच्या नवऱ्याचा, वीरण्णाचा मावसभाऊही होता. परका असता तर मल्लम्मानं पहिल्याच आठवड्यात त्याला सरळ केला असता.

भालकीजवळच्या मेहकरातलं त्यांचं घर लहान. खाली दोन खोल्या आणि एका अंगाला गिरणी. पट्टा फिरायला लागला की भिंती थरथरायच्या आणि पिठाची धूळ भाताच्या पातेल्यापर्यंत जायची. लेक पवित्रा हुमनाबादला दिलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मल्लम्मानं ठरवलं, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, पण या धुळीत नाही. वर एक खोली काढायची. वीरण्णानं काम चन्नवीरला देऊन टाकलं. दुसरा गुत्तेदार बघितला नाही, कुणाला विचारलं नाही. आई गेल्यावर त्याला भालकीच्या मावशीनं वाढवलं होतं. तिच्या पोराला सोडून दुसऱ्याला हाक मारावी हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

खोली उभी राहिली. स्लॅब पडला. जिना भिंतीच्या मध्यापर्यंत चढला आणि एका सकाळी चन्नवीर मशीनचं चाक काढून, "पंक्चर काढून आणतो, वैनी," म्हणत गेला तो गेलाच. अर्ध्या जिन्याच्या टोकातून सळया बाहेर आलेल्या. वर जायचं तर शिडी लावावी लागे. पोटुशी पोर शिडी कशी चढणार?

सुरुवातीला चन्नवीर फोन उचलायचा. "उद्या येतो, वैनी." "सोमवारी पक्का." "लेबर मिळंना झालंय, वैनी, समदी हैदराबादला गेलीत." पुढं पुढं तो मल्लम्माचा फोन उचलेना, फक्त वीरण्णाचा उचलायचा. वीरण्णा अंगणात फेऱ्या मारत बोलायचा, "बरं बरं, तुझ्या सवडीनं," असं म्हणून फोन ठेवायचा, आणि मल्लम्मा गिरणीच्या दारातून ते ऐकत राहायची.

"तुझ्या सवडीनं कामून म्हणायलाव?" ती विचारायची. "आपली सवड कुठं गेली?"

"आपलाच माणूस हाय, मल्लव्वा. अडचणीत असंल."

"मग मशीन तरी न्यावं म्हणावं. जिना करू दे नाहीतर नको करू दे."

यावर वीरण्णा दचकायचा. "मशीन न्हाई जाऊ द्यायचं. मशीन हाय तवर चन्ना येणार. एवढं मोलाचं सामान कुणी टाकून जातंय का? मशीन गेलं की जिना गेला."

त्याला हे मनापासून वाटत होतं. रोज सकाळी लिंगपूजा झाली, कपाळावर विभूती ओढली, की बाहेर येऊन तो मशीनकडं एकदा बघायचा आणि समाधानानं शेताकडं जायचा. मल्लम्माला त्या बघण्याचा राग यायचा.

पाऊस सुरू झाला तसा मशीनच्या पोटात पाणी साचायला लागलं. मशीन कलंडवायचं चक्र गंजून बसलं होतं, हलेना. एक दिवस डेंग्यूच्या तपासणीला आशा कार्यकर्ती आली. तिनं मोबाईलच्या उजेडात मशीनच्या तोंडातून आत बघितलं आणि मल्लम्माला सगळ्या गल्लीसमोर झापलं. "अक्का, आतमंदी अळ्या वळवळायलेत. लेकीला बाळंतपणाला आणायलाव आन् दारात हे पाळायलाव?" तेव्हापासून प्रत्येक पावसानंतर मल्लम्मा स्टुलावर चढून, अर्धी त्या पोटात वाकून, तांब्यानं पाणी उपसायची. आत जुन्या सिमेंटचा आणि डिझेलचा वास. बाहेर आली की जाणारे येणारे विचारायचे, "काय सापडलं का आत?" आणि हसायचे.

प्लेटांच्या ढिगाखाली नाग शिरलेला शेजारणीनं बघितला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही, पण दिसला नाही म्हणून गेला असं थोडंच होतं. परसाकडं जाताना मल्लम्मा काठी आपटत जायची. ट्रॅक्टरवाल्या महेशकुमारला तिनं मशीन बाजूला ओढून द्यायला बोलावलं. तो आला, चाक नसलेली बाजू बघितली, डोकं खाजवलं. "ओढलं तर आस वाकंल, अक्का. मोडलं तर गुत्तेदार माझ्या गळ्यात पडंल. चाक आणा, मग बघू."

मल्लम्मा पंचायतीत गेली. तिथं म्हणाले, घरगुती भानगड आहे, पाव्हण्यापाव्हण्यांत मिटवा. तिथल्याच एकानं तिला बाजूला घेऊन वर सल्ला दिला, "हात लावू नका त्याला. उद्या काही गहाळ झालं तर तुमच्यावरच येईल." म्हणजे दार तिचं, अंगण तिचं, आणि राखण चन्नवीरच्या सामानाची. त्या दिवशी घरी येताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

श्रावण संपत आला. पवित्राच्या कुबसाचा, म्हणजे सातव्या महिन्यातल्या ओटभरणाचा दिवस धरायची वेळ आली. ते माहेरी, अंगणात मंडप घालून करायचं ठरलं होतं. हुमनाबादहून सासरची माणसं येणार, गावातल्या बाया येणार. मल्लम्मा अंगणात उभी राहून बघत होती. मंडपाचा खांब कुठं रोवायचा? मधोमध मशीन. पाव्हण्यांना बसवायचं कुठं? प्लेटांवर?

तिनं चन्नवीरला फोन लावला. बंद. वीरण्णाच्या फोनवरून लावला. बंद.

"आपण आता गप बसून बघायचं का?" तिनं विचारलं.

"मावशीच्या कानावर घालतो," वीरण्णा म्हणाला.

"कवा?"

त्यानं खांद्यावर टॉवेल टाकला आणि शेताची वाट धरली. मल्लम्मानं दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवली, चांगलं लुगडं नेसली आणि भालकीची बस धरली.

चन्नवीर आता आईपासून वेगळा, भालकीच्या नव्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहत होता. दार त्याच्या बायकोनं, नेत्रावतीनं उघडलं. मल्लम्माला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिनं आत बोलावलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मल्लम्मा खाली बसली आणि समोर बघते तर दाराच्या मागं भिंतीला टेकवून मशीनचं चाक उभं. फुगलेलं, टणक. त्यावर नेत्रावतीनं पायपुसणं वाळत घातलं होतं.

"पंक्चर निघालेलं दिसतंय," मल्लम्मा म्हणाली.

नेत्रावती चुलीकडं तोंड करून उभी होती. तिनं न वळता चहात साखर टाकली. मग म्हणाली, "ते पंक्चर नव्हतंच, अक्का."

"मग?"

"मशीन आमचं न्हाई. बसवकल्याणच्या अंकुशरावांचं हाय. भाड्यानं आणलेलं. भाडं थकलं. ते मशीन न्यायला माणसं पाठवायलेत, म्हणून ह्यांनी तुमच्याकडं ठेवलं. तुमच्या घरात कोण बघणार? आन् चाक काढलं म्हणजे कळलं तरी कुणाला ओढून नेता येऊ नये." ती आता वळली. "हे झहीराबादला हायेत. दुसऱ्या एका गुत्तेदाराच्या हाताखाली. मला म्हणतात, कुणी विचारलं तर म्हाईत न्हाई म्हण. रोज कुणीतरी येऊन दार वाजवायलंय. मी काय काय म्हाईत न्हाई म्हणू?"

मल्लम्माची नजर पुन्हा चाकावर गेली. इतके दिवस तिला वाटत होतं, माणूस आळशी आहे, विसराळू आहे, कामांच्या रगाड्यात अडकलाय. तिनं मनातल्या मनात त्याला शंभर शिव्या दिल्या होत्या, पण त्या सगळ्या उशीर करणाऱ्या माणसाला दिलेल्या शिव्या होत्या. हा तर उशीर नव्हताच. तिचं अंगण त्यानं लपवायची जागा म्हणून वापरलं होतं. आणि वीरण्णा रोज सकाळी त्या मशीनकडं भरवशानं बघत होता.

"मला ते चाक दे," ती म्हणाली.

नेत्रावतीनं एकदा दाराकडं बघितलं. मग पायपुसणं काढून खांद्यावर टाकलं आणि चाक पुढं ढकललं. "घेऊन जावा. रोज पायात येतंय." मग तिनं आपला मोबाईल उघडला. "अंकुशरावांचा नंबर देऊ का? मी दिला म्हणू नका."

बसमध्ये चाक चढवताना मल्लम्माला दम लागला. कंडक्टर म्हणाला, "अक्का, बायांचं तिकीट फुकट. चाकाचं न्हाई. चाकाला लगेज लागतंय." एरवी ती भांडली असती. तिनं निमूट लगेज काढलं आणि चाक दोन्ही पायांच्या मध्ये धरून मेहकरपर्यंत बसून राहिली. लुगड्यावर काळा पट्टा उमटला.

वीरण्णा ओट्यावर होता. चाक बघून त्याचा चेहरा उजळला. "चन्ना भेटला? कवा येतो म्हणाला?"

मल्लम्मानं त्याला सगळं सांगितलं. तो आधी ऐकेनाच. नेत्रावतीला काही कळत नाही म्हणाला. मग म्हणाला, भाड्याचं असलं तरी काम झाल्यावर भाडं देईल. मग तो मशीनजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याच्या कडेवरचा सिमेंटचा पापुद्रा नखानं काढायला लागला. खाली फिकट रंगात मालकाचं नाव लिहिलेलं होतं. 'बसवकल्याण' आणि 'अंकुशराव' एवढं वाचता येत होतं. इतके दिवस ते त्यांच्याच दारात होतं.

"मावशीला म्हाईत असंल का?" तो म्हणाला.

"मला काय ठाऊक."

"फोन नको करूस त्या माणसाला. मी चन्नाला समजावतो. एक आठ दिवस दे."

"कुबस काय बाळ झाल्यावर करायचं?" मल्लम्माचा आवाज चढला. "तुमी त्याला लई सवड दिली. आता मला द्या."

तिनं त्याच्यासमोरच फोन लावला.

अंकुशराव दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आला, बरोबर दोन गडी. मल्लम्माला वाटलं होतं, माणूस निदान आभार मानेल. त्यानं मशीनभोवती चक्कर मारली, गंजलेलं चक्र हलवून बघितलं आणि तिच्यावरच घसरला. "मशीनची काय दशा केलाव बाई! उघड्यावर ठेवलाव, पावसात ठेवलाव. तुमी पाव्हणे ना त्याचे? लपवायला मदत करायलाव, आन् आता अंगाशी यायलंय म्हणून फोन?"

मल्लम्माच्या हातात दळणाचा डबा होता. तिनं तो धाडकन खाली ठेवला. "मी तुमच्या मशीनचं पाणी तांब्यानं उपसलेय! माझी गिऱ्हाईकं गेली, माझ्या परसात नाग शिरला, आन् मी लपवलं? चाक बी मीच आणून दिलेय, भालकीहून, बसमंदी मांडीत धरून. उचला आधी ते. मग काय बोलायचं ते रस्त्यावर उभं राहून बोला."

अंकुशरावनं गड्यांना खूण केली. गड्यांनी चाक बसवलं, विटा काढल्या, मशीन जीपला जोडलं. ते फाटकातून बाहेर गेलं तेव्हा वीरण्णा घरातच होता. त्यानं बाहेर येऊन बघितलं नाही. जमिनीवर तेलाचा एक काळा डाग राहिला. मल्लम्मानं त्यावर राख टाकली.

चन्नवीरचा फोन तेवढ्यानं सुरू झाला. त्यानं वीरण्णाला शिव्या घातल्या नाहीत, मल्लम्माला घातल्या. पण वीरण्णाच्याच फोनवर, म्हणजे त्यालाच ऐकाव्या लागल्या. आणि एका दुपारी तो टेम्पो घेऊन हजर झाला, प्लेटा आणि बल्ल्या न्यायला. वाळला होता. दाढी वाढलेली. अंगणात येऊन त्यानं मशीनची मोकळी जागा बघितली आणि कपाळाला हात लावला.

"वैनी, अब्रू घालवलाव माझी. एक शब्द विचारायचा होता."

"फोन उचलला असतास तर विचारलं असतं."

"मी काम करणारच होतो. आता कशानं करू? हातानं कालवू का?"

"मशीन हितं होतं तवा काय केलास?" मल्लम्मा म्हणाली. "मशीन माझ्या दारात, चाक तुझ्या दारामागं. काम कशाचं करणार होतास?"

चन्नवीरनं वीरण्णाकडं बघितलं. लहानपणापासून दोघं एका ताटात जेवलेले. वीरण्णा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चन्ना, प्लेटा राहू दे हितंच. बल्ल्या बी राहू दे. जिना तेवढा कर, मग ने. मी कुणाला हात लावू देत न्हाई."

मल्लम्माला वाटलं, आता आपल्याला वेड लागणार. एवढं होऊन हा माणूस पुन्हा तेच म्हणत होता. ती पुढं झाली आणि ढिगातली वरची प्लेट दोन्ही हातांनी उचलली. "न्हाई. सगळं भर. एक खिळाबी मागं ठेवू नकोस." प्लेटेची धार तळव्यात घुसली तरी तिनं ती टेम्पोत नेऊन टाकली, आणि दुसरी उचलायला वळली. चन्नवीरला भरणं भाग पडलं. वीरण्णा मध्येच उभा होता, कुणाच्याच बाजूनं हात न लावता. ढीग उतरत गेला, खालून ओली माती, गांडुळं, एक सापाची कात निघाली. नाग नव्हता.

सगळं भरून झाल्यावर चन्नवीरनं टेम्पोत वाकून बल्ल्यांवरून नजर फिरवली, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "बल्ल्या कमी हायेत, अण्णा. कुणीतरी जाळल्यात वाटतं. पाणी तापवायला चांगल्या जळतात."

हे तो वीरण्णाला बोलला, पण बघत मल्लम्माकडं होता.

मल्लम्मा काही बोलायच्या आतच वीरण्णाचा आवाज आला. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे. "चन्ना, गाडीत बस."

"अण्णा, मी फक्त—"

"गाडीत बस. आन् मावशीला सांग, वैनीला चोर म्हणालो. तू सांगितलं न्हाईस तर मी सांगतो."

चन्नवीरनं टेम्पोचं मागचं फळकं लावलं. तो टेम्पोत बसला. टेम्पो कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत वीरण्णा फाटकाशी उभा राहिला, मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. संध्याकाळी जेवला नाही. मल्लम्मानं तळव्याला हळद लावली आणि त्याच हातानं परस झाडून काढलं.

कुबस ठरल्या दिवशी झालं. अंगणात मंडप पडला, खाली सतरंज्या, हुमनाबादचे पाव्हणे, गावातल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. पवित्राला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या. बायांनी कन्नडमधली गाणी म्हटली, मग मराठीतली. हुग्गीचा, गव्हाच्या गोड खिरीचा वास सगळ्या गल्लीभर. जिना अर्धाच होता. त्याच्या पायऱ्यांवर पोरंटोरं बसली होती आणि सळयांना कुणी लागू नये म्हणून मल्लम्मानं त्यांना जुनी पोती गुंडाळली होती. उदगीरचा एक मिस्त्री दिवाळीनंतर बघतो म्हणाला होता. तोवर बाळंतपण खालीच होणार हे ठरलेलं. गिरणी तेवढे दिवस बंद ठेवायची. एवढं सगळं वरच्या खोलीसाठी केलं आणि ती खोली वर रिकामीच राहिली, हे आठवलं की मल्लम्मा पुन्हा धुमसायची.

भालकीहून कुणी आलं नव्हतं. वीरण्णा स्वतः जाऊन कुबसाचं आवतण देऊन आला होता. मावशीनं त्याला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

पंगत उठल्यावर मल्लम्मा ताट घेऊन त्याच्याकडं गेली. तो मंडपाच्या बाहेर, लिंबाखाली एकटाच बसला होता.

"मावशी आली न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई आली."

"तुला काहीच वाटत न्हाई?"

मल्लम्मा त्याच्याजवळ खाली बसली. तळव्यावरची खपली अजून ओढत होती. "वाटतंय की," ती म्हणाली. "लई वाटतंय. पण ते मशीन अजून तिथं असतं तर तुमी त्याच्याकडं बघत बसला असताव, आन् मी तुमच्याकडं. मला ते आता झेपत नव्हतं."

वीरण्णानं ताट पुढं ओढलं. जेवायला सुरुवात केली नाही, पण मागंही सारलं नाही. मंडपातून पवित्रानं आईला हाक मारली, ओटीचे नारळ कुठं ठेवायचे म्हणून, आणि मल्लम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली.